वर्ड क्लाउड मराठीतून करायचा तर आधी शब्द निवडून घ्या

वर्ड क्लाउड किंवा शब्दमेघ म्हणजे मजकुरात जास्त वेळा आलेले शब्द मोठ्या अक्षरात दाखवणारं चित्र. त्याची साधनं फुकट आहेत, बरीचशी खातं न उघडता चालतात, आणि इंग्रजी मजकूर टाकला तर अर्ध्या मिनिटात बरं चित्र हातात देतात. मराठी मजकूर टाकला की मात्र पडद्यावर 'आहे', 'आणि', 'होते', 'या' हेच भलेमोठे दिसतात. मध्येच रिकामे चौकोन येतात, एखादी वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते, आणि पाठाचा विषय असलेला शब्द कोपऱ्यात बारीक होऊन पडलेला असतो. मग शिक्षक म्हणतात, हे इंग्रजी शाळांचं काम, आपलं नाही. तसं अजिबात नाही. दळणाआधी धान्य निवडावं लागतं तशी मराठीची यादी आधी निवडावी लागते, एवढंच. आणि माझं ठाम मत आहे की मुलांनी शिकण्याजोगं जे आहे ते या निवडण्यातच आहे. चित्र सगळ्यात शेवटी.

यंत्र काय करतं ते आधी पाहू, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात. मजकुरात जिथे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असेल तिथे ते तुकडा पाडतं, हुबेहूब सारखे तुकडे मोजतं आणि ज्याची संख्या जास्त त्याला मोठं अक्षर देतं. अर्थाशी त्याला काही देणंघेणं नाही. रंग बहुतेक ठिकाणी नुसता सजावटीचा असतो. शब्द मध्ये बसला की कडेला, हे जागा कुठे मिळाली त्यावर ठरतं. सहसा मोठे शब्द आधी मधोमध बसवले जातात आणि बाकीचे सापडेल त्या फटीत. दोन शब्द शेजारी आले म्हणून त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं नाही. मुलं हमखास तसा संबंध लावतात, म्हणून हे पहिल्याच तासाला सांगून टाकावं.

साधन कोणतं घ्यावं

जुन्या प्रशिक्षणांच्या टिपणांत अजून 'वर्डल' सुचवलेलं सापडतं. जोनाथन फाइनबर्ग यांनी आयबीएममध्ये असताना २००८ साली ते काढलं आणि शाळाशाळांत शब्दमेघ पोहोचले ते मुख्यतः त्यामुळे. पण ते जावा ॲपलेटवर चालायचं. ब्राउझरांनी ती सोय काढून टाकली आणि साधनही संपलं. आज त्या नावाने शोधलं तर पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ उघडतो. टॅगझीडोचंही असंच झालं, ते सिल्व्हरलाइटवर होतं. दोन्हींच्या मागे वेळ घालवू नका.

मराठीसाठी माझी पहिली पसंती जेसन डेव्हिस यांच्या वर्ड क्लाउड जनरेटरला. पान अगदी साधं आहे, नोंदणी नाही, काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं. तिथे 'वन वर्ड पर लाइन' अशी एक खूण आहे. ती केली की एका ओळीत जे असेल ते अख्खं एक शब्द म्हणून धरलं जातं, म्हणजे 'कडब्याची कोपी' (झोपडी) तुटत नाही. दुसरी महत्त्वाची जागा 'ओरिएंटेशन'ची. ठरलेलं असतं ते असं की शब्द उणे ६० ते ६० अंशांत पाच दिशांना तिरके होतात. देवनागरीला हे मानवत नाही. शिरोरेषा तिरकी झाली की मागच्या बाकावरच्या मुलाला अक्षर लागत नाही. दिशा एक आणि दोन्ही अंश शून्य करा. तिसरी जागा 'स्केल'ची, म्हणजे संख्येवरून अक्षराचं माप कसं काढायचं ते: थेट प्रमाण, वर्गमूळ किंवा लॉग. थेट प्रमाण घेतलं तर पहिला शब्द प्रचंड आणि मधले सगळे किरकोळ दिसतात. लॉग घेतला तर मधले शब्द पहिल्याच्या जवळ येतात आणि फरक पुसला जातो. वर्गात वर्गमूळ बरं पडतं.

मोठा मजकूर असेल, म्हणजे चाळीस निबंध किंवा गावातल्या मुलाखतींचं टिपण, तर व्हॉयंट टूल्स घ्या. त्यातल्या मेघाला 'सिरस' म्हणतात. शब्दावर बोट किंवा माउस नेला की तो किती वेळा आला तो आकडा दिसतो, वगळायच्या शब्दांची यादी स्वतः लिहिता येते, आणि किती शब्द दाखवायचे तेही ठरवता येतं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार कामाची: व्हॉयंटचा सर्व्हर उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवता येतो. मग नेट गेलं तरी काम चालू राहतं. त्यासाठी संगणकावर 'जावा' हा प्रोग्राम असावा लागतो.

वर्डआर्ट आणि वर्डक्लाउड्स डॉट कॉम ही दोन साधनं आकारासाठी. भोपळा, नकाशा, झाड अशा आकारात शब्द बसवायचे असतील तर ती घ्यावीत. वर्डआर्टमध्ये मजकूर आत घेताना 'कॉमन वर्ड्स काढा' आणि 'शब्दांचं मूळ रूप करा' अशा खुणा दिसतात. त्या इंग्रजीसाठी आहेत, मराठीत त्यांच्यावर विसंबू नका. दोन्हीकडे शब्द आणि त्याचं वजन असं कोष्टक भरता येतं, आणि निवडलेली यादी हाताशी असेल तर तोच रस्ता सरळ आहे. मुलांकडून थेट मोबाइलवर उत्तरं घ्यायची असतील तर मेंटीमीटर, त्याबद्दल पुढे.

कोणतंही साधन वर्गात नेण्याआधी ही एक ओळ त्यात टाकून पाहा: किल्ला, शेतकऱ्यांना, वृष्टी, कीर्ती, रुपया, दुःख, ॲप. 'किल्ला'ची वेलांटी क च्या आधी दिसली पाहिजे आणि 'ल्ल' जोडलेला दिसला पाहिजे. 'कीर्ती'चा रफार 'ती'च्या डोक्यावर हवा. 'वृष्टी'चा खालचा ऋकार आणि 'दुःख'चा उकार काही ठिकाणी छाटला जातो, तोही बघा. नुसते चौकोन आले तर तो फॉन्टचा दोष. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा बालू यांपैकी एक फॉन्ट निवडा, तिन्ही फुकट मिळतात. विंडोजवर निर्मला किंवा मंगल आधीपासूनच असतो. चौकोन नाहीत पण अक्षरं सुटी सुटी पडली, हलन्त उघडे दिसले, वेलांट्या मागे राहिल्या, तर साधनालाच देवनागरीची जुळणी येत नाही असं समजा. फॉन्ट बदलत बसू नका, साधन बदला.

पायथॉन येणारे संगणक शिक्षक असतील तर त्यांच्यासाठी तीन वाक्यं. तिथली 'वर्डक्लाउड' लायब्ररी शब्द ओळखायला जो नमुना वापरते त्यात काना-मात्रा-वेलांटी अक्षर म्हणून धरलीच जात नाहीत, म्हणून 'मराठी'चे तुकडे होतात. नमुना बदलून देवनागरीची सगळी चिन्हं त्यात घ्यावी लागतात आणि देवनागरी फॉन्टचा पत्ता द्यावा लागतो. एवढं करूनही जोडाक्षरं बिघडली तर चित्र काढणाऱ्या पिलो लायब्ररीला अक्षरं जुळवणारी 'राक्म' ही लायब्ररी मिळालेली नाही हे कारण असतं.

मजकूर कुठून येतो तेही बघा. शाळेच्या संगणकावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि अहवाल श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत असतील तर आत मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. पीडीएफमधून उचललेला मराठी मजकूरही बऱ्याचदा विस्कटतो. त्यापेक्षा पानाचा स्वच्छ फोटो काढून गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि तो गूगल डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी चांगली वाचली जाते. हाताने लिहिलेल्या निबंधांना मात्र टंकनाशिवाय पर्याय नाही.

एक यादी निवडून दाखवतो

समजा लातूर किंवा धाराशिव भागातली सातवी आहे. मार्गशीर्ष अमावस्येची येळवस, म्हणजे रानात जाऊन जेवायचा सण झाला, मुलं रानातून जेवून आली. दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांनी चिठ्ठीवर तीन-तीन शब्द लिहिले: येळवस म्हटल्यावर काय आठवतं? एकूण १२० शब्द. ते जसेच्या तसे टाकले तर सगळ्यात मोठा शब्द येईल 'भज्जी', २४ वेळा. पण यादी बघा: 'आंबिल' १४, 'अंबिल' ९, 'आंबील' ६. तिन्ही मिळून २९. म्हणजे वर्गात पहिला नंबर आंबिलीचा, आणि चित्र सांगतंय भज्जीचा. यंत्राला तीन वेगळे शब्द दिसले, कारण लेखन तीन प्रकारचं होतं.

याच यादीत 'भजी' असं तीन चिठ्ठ्यांवर आहे. ते भज्जीच लिहायला गेले आणि चुकले, की खरोखर तळलेली भजी म्हणायची होती? हे शिक्षकाने ठरवायचं नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारायचं. येळवशीची भज्जी म्हणजे भाज्या, ओले दाणे आणि बेसन घालून शिजवलेला प्रकार, भजी म्हणजे वेगळीच वस्तू. विचारल्यावर तिघंही 'भज्जीच' म्हणाले तर भज्जी २७ होते. आंबिल तरीही पुढेच राहते. 'येळवस', 'येळावस', 'वेळ अमावस्या', 'वेळा अमावस्या' हे शब्दही चिठ्ठ्यांवर सापडतील. ते सरळ काढा, कारण ते प्रश्नातच होते. प्रश्नातला शब्द उत्तरांत राहू दिला की तोच मधोमध पसरतो आणि काहीच कळत नाही.

इथे एक भेद मनापासून पाळावा असं वाटतं. 'आंबिल' आणि 'आंबील' हा लेखनाचा फरक आहे, तो एक करा. पण कोणी 'कोपी' लिहिलं, कोणी 'कोप', कोणी 'खोप', आणि ती मुलं वेगवेगळ्या गावांतून येत असतील, तर तो बोलीचा फरक आहे. मोजणीसाठी एकत्र करायचा असेल तर वर्गात जास्त मुलं जो शब्द बोलतात तो घ्या; 'झोपडी' करून टाकू नका. मराठवाड्यातल्या मुलांच्या तोंडचा शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसणं, हे या सगळ्या उद्योगाचं मोठं मोल आहे. बोलून टंकित करण्याची सोय वापरत असाल तर विशेष सावध राहा. ती बोलीतला शब्द बऱ्याचदा ओळखीच्या प्रमाण शब्दाकडे ओढून नेते किंवा त्याचे दोन तुकडे करते. असे शब्द हाताने लिहा.

आता जो फरक डोळ्यांना दिसतच नाही तो. 'शेतकऱ्या'तला 'ऱ्या' दोन प्रकारे टंकित होतो. नवा कळफलक त्यासाठी स्वतंत्र 'ऱ' वापरतो. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र वेगळे. मग चित्रात 'शेतकऱ्यांना' दोनदा येतं आणि शिक्षक चक्रावतात. 'ॲप'चंही तसंच, 'ॲ' हे अक्षर दोन रीतींनी साठवलं जातं. उपाय सोपा आहे: बिघडलेल्या शब्दातलं ते अक्षर मजकुरातूनच उचलून 'शोधा आणि बदला'च्या वरच्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत स्वतः टंकित केलेलं अक्षर घाला, सगळीकडे बदला. गूगल शीट्समध्ये हे कंट्रोल आणि एच दाबून उघडतं. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची टिंबं दाबली असतील तर काही साधनं तिथे शब्द तोडतात आणि 'दु' व 'ख' असे दोन तुकडे फिरत राहतात. 'निःपक्ष', 'अंतःकरण', 'स्वतः' हे शब्दही असेच तपासा. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा काढायला शीट्सच्या 'डेटा क्लीनअप'मध्ये 'ट्रिम व्हाइटस्पेस' आहे.

चिठ्ठ्यांऐवजी निबंध किंवा पाठ असेल तर खरी मेहनत पुढे आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'शेतकरी', 'शेतकऱ्याला', 'शेतकऱ्यांचा', 'शेतकऱ्यांनी', 'शेतकऱ्यांसाठी' हे यंत्राच्या लेखी पाच शब्द आहेत. 'पाऊस'चे 'पावसाचा', 'पावसाने', 'पावसात' होतात, 'विहीर'चे 'विहिरीत', 'विहिरींना'. दुष्काळावरच्या निबंधात पावसाचा उल्लेख वीस वेळा असला तरी एकही रूप मोठं दिसत नाही, आणि तीनदाच आलेला पण प्रत्यय न लागलेला शब्द पुढे सरकतो. म्हणून रूपं मुळाकडे न्यायची. हे काम शिक्षकाने घरी करून आणू नये. हाच सामान्यरूपाचा आणि विभक्तीचा पाठ आहे! फळ्यावर डावीकडे मजकुरातलं रूप, मध्ये सामान्यरूप, उजवीकडे मूळ शब्द असे तीन रकाने आखा आणि चार-चार मुलांच्या गटांना एकेक परिच्छेद द्या. 'विहीर'मधली दीर्घ वेलांटी 'विहिरीत' लिहिताना ऱ्हस्व का होते, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात, कारण दोन्ही रूपं शेजारी लिहिलेली असतात.

काही जागी नियम आधी ठरवावा लागतो. 'पाणी' आणि 'पाणीटंचाई' एकत्र मोजायचे का? मी तरी वेगळे ठेवीन, कारण टंचाई हा मुद्दा पाण्यापेक्षा वेगळा आहे. 'पेरणी' आणि 'पेरलं'? विषय शेतीचा असेल तर एकत्र चालेल. निर्णय कोणताही घ्या, पण तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि सगळ्या गटांना तोच लावा. एक गट एकत्र मोजतो आणि दुसरा वेगळं, असं झालं की आकडे निकामी.

वगळायच्या शब्दांची मराठी यादी बहुतेक साधनांत नसते, ती आपणच द्यायची. सुरुवातीला एवढे शब्द पुरतात: आहे, आहेत, होता, होती, होते, होतं, असतो, असते, असतात, आणि, व, पण, परंतु, तर, की, म्हणून, म्हणजे, हा, ही, हे, तो, ती, ते, त्या, या, ज्या, जे, त्याचा, त्याची, त्यांना, त्यामुळे, एक, काही, खूप, फार, मध्ये, वर, नंतर, जेव्हा, तेव्हा, केला, केली, केले, झाला, झाली, झाले. ही यादी फाइलमध्ये जपून ठेवा आणि दर वेळी वाढवत जा. 'मी' आणि 'आम्ही' मात्र डोळे झाकून काढू नका. 'माझं गाव' या निबंधात मुलं 'मी' जास्त लिहितात की 'आम्ही', हे बघण्यासारखं असतं.

'नाही' आणि 'नको' तर मुळीच काढू नयेत. दुष्काळावर एखाद्या मुलाने लिहिलं, 'पाणी नाही, चारा नाही, हाताला काम नाही', तर 'नाही' काढल्यावर यंत्र पाणी, चारा, काम मोठे करून दाखवतं. बघणाऱ्याला वाटावं, गाव सुखात आहे. 'पाणी नाही' ही अख्खी जोडी एका ओळीवर एक शब्द म्हणून घ्या, म्हणजे चित्र खरं बोलेल.

नावांचंही असंच. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं झाली की त्यांचा मेघ करायची कल्पना छान आहे; हैदराबाद संस्थान, निजाम, रझाकार, १९४८ हे शब्द त्यात यायलाच हवेत. पण 'स्वामी रामानंद तीर्थ' हे नाव तीन जागी फुटतं आणि 'तीर्थ' मोठं दिसून भलताच अर्थ लागतो. 'मुक्तिसंग्राम', 'मुक्तीसंग्राम', 'मुक्ती संग्राम' अशी तीन लेखनं येतात. नावं जोडून एका ओळीवर घ्या. काही साधनांत दोन शब्दांमध्ये जोडरेघ किंवा खालची रेघ टाकून काम भागतं, काही साधनं तीही खाऊन टाकतात. म्हणून 'एका ओळीत एक' ही सोय किंवा वजनाचं कोष्टक हाच भरवशाचा रस्ता. भाषणांतली 'आदरणीय व्यासपीठ' वगैरे सलामी आधीच छाटा, नाहीतर 'आदरणीय' सगळ्यांच्या वर जाऊन बसतं.

चित्र वाचताना

लांब शब्द जास्त जागा खातो. 'जलसंधारण' आणि 'चारा' दोन्ही दहा-दहा वेळा आले असतील तरी डोळ्यांना 'जलसंधारण' मोठा वाटतो. अक्षराची उंची बघायची, रुंदी नाही, हे मुलांना पट्टी लावून दाखवा.

याहून मोठा घोळ दोन चित्रांची तुलना करताना होतो. पाठाआधी एक मेघ आणि पाठानंतर दुसरा, हा प्रयोग सगळीकडे सुचवला जातो आणि तो चांगलाही आहे. पण प्रत्येक चित्रात सगळ्यात मोठा शब्द तेवढ्याच मापाचा असतो, मग तो आठ वेळा आलेला असो की तीस वेळा. 'भूजल' दोन्ही चित्रांत सारखा मोठा दिसला म्हणून मुलांनी तो तेवढ्याच वेळा लिहिला असं होत नाही. दोन्ही चित्रांखाली पहिल्या दहा शब्दांचे आकडे लिहा आणि तुलना आकड्यांची करा. मग विचारण्याचा प्रश्न एकच: दुसऱ्या यादीत कोणता शब्द नव्याने आला, आणि जो यायला हवा होता तो का नाही आला? न आलेला शब्द चित्रात दिसत नाही, तो मुलांनी शोधायचा असतो. जायकवाडीवरच्या लिखाणात 'गाळ' किंवा 'विस्थापित' नाहीत, हे कोणीतरी बोललं पाहिजे.

मुलांकडून एकूण तीसपेक्षा कमी शब्द गोळा झाले असतील तर मेघाच्या भानगडीत पडू नका, फळ्यावरची यादी जास्त स्पष्ट. वर्गातल्या बत्तीस इंची टीव्हीवर पंचवीस-तीस वेगवेगळ्या शब्दांच्या वर गेलात तर खालचे शब्द मागून वाचता येत नाहीत. इंग्रजीच्या तासाला मात्र सगळं सोपं होतं: मुलांचे निबंध टाका, 'नाइस' आणि 'व्हेरी' किती फुगलेत ते मुलांनाच दिसतं.

थेट मोबाइलवरून

मेंटीमीटरवर प्रश्न उघडला की मुलं कोड टाकून उत्तरं पाठवतात आणि शब्द डोळ्यांदेखत मोठे होत जातात. मुलांना यात मजा येते, पण निवडायला वेळच मिळत नाही, म्हणून प्रश्न असा ठेवा की उत्तर एकाच शब्दात आणि एकाच लेखनात येईल. 'आजच्या पाठातला कोणता शब्द कळला नाही?' हा प्रश्न चालतो. 'पावसाबद्दल काय वाटतं?' चालत नाही. फुकट खात्यात किती जणांना भाग घेता येतो ते आधी बघून घ्या, ही मर्यादा बदलत असते. निकाल लपवून ठेवण्याची सोय वापरा आणि आधी स्वतः नजर टाका. शिव्या गाळणारी चाळणी आपल्या बोलीतल्या शिव्या पकडेल अशी आशा ठेवू नका. कोणा मुलाचं नाव किंवा चिडवण्याचं नाव आलं असेल तर तो शब्द दाखवण्याआधी काढा. सगळ्यांकडे मोबाइल नसतील तर, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत ते नसतातच, थेट उत्तरांचा हट्ट सोडा. चिठ्ठ्या गोळा करा आणि एका मोबाइलवर शिक्षकाने किंवा दोन मुलांनी टंकित करा.

वीज नाही, नेट नाही

चार्ट पेपरवर हाताने केलेला मेघ मला कुठल्याही साधनाइतकाच मोलाचा वाटतो. फळ्यावर शब्द आणि समोर पाचाच्या गठ्ठ्याने उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी. मोजणी झाली की अक्षराची उंची ठरवा: एक-दोन मतांना २ सेंटिमीटर, तीन ते पाचला ३, सहा ते दहाला ५, अकरा ते वीसला ७, वीसच्या वर १०. एका मताला एक सेंटिमीटर धरलं तर आंबिल २९ सेंटिमीटर उंच होते आणि कागद तिथेच संपतो. वर्गमूळ शिकलेल्या वर्गाला मोजमाप मुलांनाच काढू द्या. मतांच्या वर्गमूळाच्या दुप्पट सेंटिमीटर धरले की २५ मतांना १०, ९ मतांना ६, ४ मतांना ४ येतात.

पूर्ण चार्ट पेपर साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटरचा असतो, त्यावर वीस-बावीस शब्द नीट बसतात. शब्द थेट चार्टवर लिहू नका. रद्दी कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या चार्टवर ठेवून जागा जुळवा आणि मग चिकटवा. शब्द थेट लिहायला घेतला की तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच जागा चुकते. शिरोरेषेसाठी पट्टीने आधी फिकट रेघ आखा आणि वरच्या वेलांटीला व खालच्या उकाराला उंचीच्या निम्मी जागा जादा सोडा, नाहीतर 'गूळ'चा गू खालच्या शब्दात घुसतो.

संगणकावरचा मेघ छापायचा असेल तर शक्य तिथे एसव्हीजी उतरवा. ती फाइल कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. पीएनजीच मिळत असेल तर आधी चित्र पडद्यावर मोठ्यात मोठं करून मग उतरवा. झेरॉक्सच्या दुकानात एसव्हीजी उघडत नाही असं बऱ्याचदा होतं, तेव्हा पीडीएफ करून न्या. फॉन्ट पीडीएफमध्ये बसलेला आहे ना, ते दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघून घ्या. छपाई काळी-पांढरी असेल तर पार्श्वभूमी पांढरी आणि सगळे शब्द एकाच गडद रंगात ठेवा. पिवळा आणि पोपटी रंग झेरॉक्समध्ये दिसतच नाहीत. आणि आकड्यांची यादी त्याच कागदाच्या खाली छापा, मागे नको. भिंतीवर चिकटवल्यावर मागची बाजू कोणाला दिसणार?